इबुतीखालचा नंबर

गुंडाप्पाला मोडायचं काम आवडायचं. बांधायचं काम कुणी सांगितलं तर त्याचे हात जड व्हायचे. जळकोटच्या आसपास हायवेच्या कामावर तो जेसीबी चालवायचा. रस्त्यात आलेली टपरी, खचलेली विहीर, कुणाच्या तरी बापजाद्यांची पडवी, काहीही पाडायचं निघालं की मुकादम म्हणायचा, गुंडाप्पाला हाळी द्या. बाकीचे ड्रायव्हर भिंतीला आधी बकेट टेकवून अंदाज घेत. गुंडाप्पा अंदाज घेत नसे. भिंतीच्या मधोमध दात रोवायचा आणि ती खाली बसायच्या आत पुढच्या भिंतीकडं वळायचा. धुरळ्यात माणसं ओरडत, बायका हाताला लागेल ते भांडं घेऊन पळत, एखादी म्हातारी मूठभर माती केबिनच्या काचेवर मारून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. तो वायपर लावायचा.

हे त्याच्यात कुठून आलं ते शोधायला लांब जायला नको. बाप बैलाच्या वादीनं मारायचा. थोरल्या शिवशरणला कधी नाही, धाकट्या गुंडाप्पाला रोज. त्यांची आई द्वारकाबाई म्हणायची, थोरला मार चुकवतो आणि धाकटा मागून घेतो. मार बसताना गुंडाप्पा रडत नसे. तो बापाच्या हाताकडं बघत राही. हात खांद्यापासून उचलला की पाठीवर येतो, कोपरापासून उचलला की तोंडावर, हे त्याला लवकर कळलं. शाळेच्या वयात त्याला एवढं एकच नीट शिकता आलं, आणि ते शाळेत शिकवत नव्हते.

एकदा घरच्या बैलानं शिवशरणला गोठ्यात शिंगावर घेतलं. मांडी फाटली. गुंडाप्पा तेव्हा मिसरूड न फुटलेला पोरगा. त्यानं दाराआडची पहार उचलली आणि बैलाचं शिंग मुळापासून मोडलं. शिंगाच्या जागी रक्ताचं भोक राहिलं, आणि त्यात माशा बसू लागल्या. बैल बाजारात कवडीमोलानं गेला. बापानं गुंडाप्पाला त्या दिवशी वादी तुटेपर्यंत मारलं. संध्याकाळी शिवशरण लंगडत आला आणि त्याच्या पाठीवर हळद लावत बसला. गुंडाप्पाच्या आयुष्यात त्याच्या अंगाला इतक्या हळू लागलेला तो एकच हात.

पण मोडणाऱ्या या माणसाची यंत्रावर मात्र विलक्षण माया होती. माणसावर, जनावरावर, भिंतीवर तो हात टाकायचा. यंत्रावर कधी नाही. खंडेनवमीला तो पहाटे उठून जेसीबी धुवायचा, बकेटच्या दातांना तेल लावायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचा आणि इंजिनच्या तोंडावर तीन बोटांनी इबूत ओढायचा. घरचे सगळे लिंगायत रिवाजानं वागणारे, पण विभूतीचे ते तीन पट्टे गुंडाप्पाइतके सरळ कुणाला जमत नसत. इतर दिवशी स्वतःच्या कपाळाला लावायला तो विसरायचा. यंत्राला कधी विसरला नाही.

शिवशरणनं लोहाऱ्यात तहसीलच्या रस्त्याला दाखल्यांचं केंद्र काढलं तेव्हा खोली बापाच्या वेळची होती आणि कॉम्प्युटर सोलापूरहून आणला. दुकानदारानं बिल दिलं, विंडोज अस्सल घातलंय म्हणून कॉम्प्युटरच्या डब्याच्या अंगावर कंपनीचं चकचकीत स्टिकर चिकटवलं, आणि हे जपा म्हणून बजावलं. परतीच्या एसटीत तो डबा गुंडाप्पानं मांडीवर घेतला. खड्डा आला की तो स्वतः उडायचा आणि डबा वर झेलून धरायचा. शेजारच्या बाईनं लेकरू आहे का म्हणून विचारलं, तर शिवशरण म्हणाला, व्हय, पहिलंच हाय.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला केंद्रात पूजा मांडली. शिवशरणची बायको शिवकांता डब्याला झेंडूची माळ घालत होती. गुंडाप्पा इबुतीची वाटी घेऊन डब्याभोवती फिरला आणि अडला. जेसीबीला तोंड असतं, पंपाला असतं, शिवणयंत्रालाही असतं. या डब्याला सगळीकडून सारखंच दिसत होतं.

"अण्णा, ह्येचं कपाळ कुठंय?"

शिवशरण हसला. त्यानं बोट स्टिकरवर ठेवलं. तिथं आकडे आणि अक्षरं मुंगीच्या रांगेसारखी छापलेली होती. "हितं. ह्येचं नशीब हितंच लिवलंय."

शिवकांता म्हणाली, आधी फोटो, मग इबूत, नाहीतर चमक जाती. गुंडाप्पाचा फोन तेव्हा नवा होता, कॅमेऱ्याचं त्याला कौतुक. त्यानं अगदी जवळ जाऊन फोटो काढला. मग तीन बोटं बुडवली आणि त्या मुंग्यांवरून तीन पट्टे ओढले. पुढं दरवर्षी हेच. ओल्या फडक्यानं आधीचं पुसायचं, घासून लख्ख करायचं, आणि त्याच जागी नवी इबूत लावायची. जळकोटहून लोहाऱ्याला तो त्यासाठी मुद्दाम जीपनं जायचा. आपण काय घासतोय याचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. देवाच्या कपाळावर काय छापलंय ते कुणी वाचून बघत नाही.

मग शिवशरण मेला. हायवेवर जळकोटच्या वळणावर उसाची ट्रॉली कलंडली आणि तो मोटरसायकलसकट तिच्याखाली गेला. जवळ जेसीबी गुंडाप्पाचाच होता. लोक ओरडत आले, तो मशीन घेऊन धावला. आपण कुणावरचा ऊस उचलतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. बकेट त्यानं नेहमीसारखी घातली, अंदाज न घेता. ट्रॉली उठली. ऊस घसरला. उसाच्या मोळ्यांतून आधी बूट दिसला, आणि बूट ओळखीचा निघाला. बकेटच्या दातांना जे लागलं होतं ते उसाच्या पाल्यानं पुसून टाकलं कुणीतरी. ट्रॉली उचलायच्या आधी अण्णा जिवंत होता की नव्हता, हे गुंडाप्पाला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही. डॉक्टरनं जागेवरच गेला असं लिहिलं. जागा कोणती, हे गुंडाप्पाच्या डोक्यात राहिलं.

त्यानंतर तो जास्त मारू लागला. बारमध्ये एका ट्रकवाल्याचे दात पाडले. साइटवर भुंकणारं कुत्रं बकेटखाली चिरडलं आणि जेवायला बसला. बायको मूल घेऊन माहेरी येडशीला निघून गेली, त्याचं त्याला विशेष वाटलं नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती, दुसऱ्याचं मशीन आता चालवायचं नाही, स्वतःचं घ्यायचं. आणि त्यासाठी लोहाऱ्याची खोली विकायची. बाप गेल्यावर खोली दोन्ही भावांच्या नावावर आली होती, त्यामुळं शिवकांताची सही लागणार होती. ती सही देत नव्हती. नवरा गेल्यावर तीच केंद्र चालवत होती, उत्पन्नाचे दाखले काढत होती, पीकविम्याचे अर्ज भरत होती, त्यावर तिची चूल पेटत होती. खोली गेली की केंद्र गेलं आणि केंद्र गेलं की ती जळकोटला दिराच्या दारात आली, एवढं तिला स्पष्ट दिसत होतं.

उन्हाळ्यात एका दुपारी तो साइटवरूनच पिकअप घेऊन तिच्याकडं गेला. केंद्रात माणसांची रांग. तो रांग मोडून आत शिरला, टेबलापुढं उभा राहिला आणि खोलीचं काय ते आज सांगा म्हणाला. शिवकांता एका म्हाताऱ्याच्या अंगठ्याचा ठसा घेत होती. तिनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"भावजी, लाईनीत थांबा."

रांगेतलं कुणीतरी हसलं. मोठ्यानं नाही, नाकातून. गुंडाप्पा बाहेर गेला. लोकांना वाटलं खरंच रांगेच्या शेवटी गेला. तो पिकअपमधली पहार घेऊन परत आला तेव्हा ठसा देणारा म्हातारा आधी उठला, मग रांग फुटली. पहिला घाव डब्यावर बसला. पत्रा आत गेला, आतून काहीतरी कुरकुरत तुटलं आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. दुसरा घाव त्याच जागी बसायचा होता. मध्ये शिवकांताचा हात आला. डब्यावर आडवा, जसा लेकरावर घालतात तसा. पहार थांबवता आली असती का? गुंडाप्पानं नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. हात कसा उचलला की कुठं बसतो हे त्याला ठाऊक होतं; उचललेला परत कसा घ्यायचा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बोटांचा आवाज डब्याच्या आवाजापेक्षा लहान होता. पहार तिथंच टाकून तो निघून आला.

चार दिवस त्यानं पोलिसांच्या गाडीची वाट बघितली. गाडी आली नाही. मग लोहाऱ्याहून आलेल्या एकानं सांगितलं, तुमच्या वैनीच्या हातावर शटर पडलं म्हणं, दवाखान्यात तसंच लिहून घेतलंय. गुंडाप्पाला आधी हायसं वाटलं आणि लगेच राग आला. तिनं त्याला वाचवलं होतं. वाचलेला माणूस वाचवणाऱ्याला सहजी माफ करत नाही.

महिनाभरानं ती स्वतःच जळकोटला आली.

तो हायवेच्या कडेला एका बंद धाब्याची भिंत पाडत होता. धुरळा खाली बसला तर समोर ती उभी. डोक्यावर पदर, उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत, त्यांच्या टोकातून तारेची टोकं बाहेर आलेली. वडापच्या जीपमधून उतरून ती तेवढं अंतर उन्हात चालत आली होती. त्यानं इंजिन बंद केलं नाही. तिला आवाजावर आवाज चढवून बोलावं लागलं, आणि तिनं तो चढवला नाही. तेव्हा त्यालाच किल्ली फिरवावी लागली.

तिनं सांगितलं ते त्याला अर्धंमुर्धं कळलं. मशीन दुरुस्त झालं होतं. लोहाऱ्याच्या महांतप्पानं, जो मोबाइलपासून मिक्सरपर्यंत सगळं उघडतो, त्यानं फुटलेला मदरबोर्ड आणि चेपलेली डिस्क काढून टाकली होती. नाहीतरी बदलायचंच तर जरा दमदार घालू म्हणून नव्या जातीचा बोर्ड बसवला होता. मशीन आधीपेक्षा पळत होतं. पण विंडोज मारलं तर पडद्याच्या कोपऱ्यात लायसन नाही म्हणून यायला लागलं. महांतप्पा तिला म्हणाला होता, विंडोजचं लायसन त्या जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की त्याला वाटतं हे दुसऱ्याचंच घर. नवी ओळख पटवायची तर स्टिकरवरचा नंबर पाहिजे. त्यानं डबा उजेडात धरला. स्टिकर होतं, रंगीत कडा होती, आणि मधे गुळगुळीत पांढरं. नंबरातलं एक अक्षर शिल्लक नव्हतं. हे कुणी घासलं म्हणून त्यानं विचारलं. भक्तीनं, असं शिवकांता म्हणाली.

महांतप्पानं चोरीचं विंडोज मारून द्यायची तयारी दाखवली, निम्मं लोहारा त्याच्यावरच चाललंय म्हणाला. पण केंद्र ज्या पुण्याच्या एजन्सीकडून घेतलं होतं तिचं सॉफ्टवेअर चोरीच्या विंडोजवर उघडतच नसे. सोमवारी एजन्सीचा माणूस तपासायला येणार होता. महिनाभर बंद पडलेलं केंद्र त्या दिवशी चालू दिसलं नाही तर ते काढून दुसऱ्याला द्यायचं ठरलं होतं. नवं लायसन विकत घ्यायला हातात काही उरलं नव्हतं. होतं ते बोर्डात आणि बोटांतल्या तारांत गेलं.

"पयल्या खंडेनवमीचा फोटो तुमच्या फोनात हाय," ती म्हणाली. "इबूत लावायच्या आधीचा. तेवढा द्या."

गुंडाप्पाला बाकीचं समजलं नाही तरी एक गोष्ट समजली. तिला हवं असलेलं काहीतरी त्याच्या खिशात होतं. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. तो केबिनमधून खाली उतरला नाही.

"खोलीच्या कागदावर सही करा. फोटो घ्या."

त्यानं अपेक्षा केली होती की ती रडेल, नाहीतर बोटं पुढं करून दाखवील. तिनं तसं काही केलं नाही. तिनं अर्धवट पडलेल्या भिंतीकडं बघितलं. भिंतीवर अजून चहाचे दर लिहिलेले होते.

"करते," ती म्हणाली. "आधी मशीन चालू करून द्या. उद्या कागद घेऊन या."

एवढ्या लवकर कुणी व्हय म्हणतं तेव्हा माणसानं थांबून विचार करावा. गुंडाप्पा विचार करायला थांबणारा नव्हता. ती गेल्यावर त्यानं केबिनमध्येच फोन काढला आणि जुने फोटो उलटे सरकवत गेला. कुस्तीचे फड, वाहनं, बकेटखाली धरलेला साप, बायको, मूल, मग माळ घातलेला डबा. त्यानं बोटांनी चित्र ताणलं. मुंग्यांची रांग मोठी झाली, अक्षरं वेगळी झाली. इंग्रजी त्याला धड वाचता येत नव्हतं, पण एकही अक्षर पुसट नव्हतं. आणि चित्र ताणलं तसं कोपऱ्यात एक बोट आलं. स्टिकरच्या कडेला टेकलेलं, नखाखाली शाई साचलेलं, अण्णाचं बोट. त्यानं चित्र आणखी ताणलं. बोटावरच्या रेषा दिसायला लागल्या. मुकादम खालून ओरडत होता, भिंत राहिली की. गुंडाप्पानं उरलेल्या भिंतीत दात घातले ते इतक्या जोरात, की मागचं चाक उचललं गेलं आणि भिंतीमागचं लिंबाचं झाडही मुळासकट आडवं झालं. ते कुणी पाडायला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लोहाऱ्यात गेला. सहीचा कागद वकिलाकडून लिहून आणून शर्टाच्या आत ठेवला होता. खोलीत महांतप्पा आधीच येऊन बसला होता. त्याच्यापुढं डबा होता. पत्रा ठोकून सरळ केलेला, पण पहारेची खोक जशीच्या तशी. गुंडाप्पाला बघून महांतप्पा म्हणाला, या डॉक्टर, तुमचाच पेशंट हाय. कुणी हसलं नाही, तसा त्यानं डबा पुढं ओढला.

दाराच्या आड पहार उभी होती. टाकून गेला होता ती. कुणीतरी तिला पुसून ठेवलं होतं.

गुंडाप्पानं फोन टेबलावर ठेवला. महांतप्पानं चित्रातला नंबर बघत एक एक अक्षर दाबलं. मशीननं नंबर घेतला, पण कुरकुरलं. बोर्ड निराळा दिसतोय म्हणालं आणि फोन करायला सांगितलं. महांतप्पानं कंपनीचा नंबर लावून फोन स्पीकरवर टाकला. आधी बाजा वाजला, मग एक यंत्राचा आवाज, मग कुठल्या तरी दूरच्या शहरातली एक मुलगी बोलायला आली. ती हिंदीत बोलत होती, गोड आणि घाईत. पडद्यावरचे आकडे तिनं वाचून घेतले. मग थांबून तिनं विचारलं, बोर्ड का बदललात? तिच्या सांगण्याप्रमाणं, हौसेनं चांगला बसवला असेल तर लायसन जुन्या बोर्डाबरोबरच संपलं. जुना खराब झाला म्हणून बदलला असेल तर चालू करून देता येईल. महांतप्पानं तोंड उघडलं होतं. शिवकांतानं फोन आपल्याकडं ओढला.

"मॅडम, बोर्ड खराब कैसे हुआ?" मुलीनं विचारलं.

शिवकांता गुंडाप्पाकडं बघत होती. महिनाभर लोहाऱ्यानं, दवाखान्यानं, तिच्या माहेरानं एकच विचारलं होतं आणि सगळ्यांना तिनं शटर सांगितलं होतं.

"मेरे देवरने पहारसे फोडा," ती म्हणाली. "पहिले मशीन फोडा. फिर मेरा हात."

फोनमध्ये मागं दुसऱ्या मुलींचे आवाज ऐकू येत होते. कुणीतरी कुणाला तरी अभिनंदन म्हणत होतं. मग मुलगी जरा हळू बोलली. "मॅडम, हमारे पास ऐसा कॉलम नहीं है. मैं खराब लिख देती हूँ."

आणि ती नवे आकडे सांगायला लागली. महांतप्पा दाबत गेला. शेवटचा आकडा गेल्यावर पडद्याच्या कोपऱ्यातली ती राखाडी ओळ गेली. तिथं काही नव्हतं असं झालं. एजन्सीचं सॉफ्टवेअर उघडलं, केंद्राचं नाव आलं, नावाखाली शिवकांताचं नाव आलं.

गुंडाप्पाच्या कानात अजून ते 'देवरने' वाजत होतं. त्याला बापाच्या वादीनं लाज वाटली नव्हती, ट्रकवाल्याच्या दातांनी वाटली नव्हती. एका अनोळखी पोरीनं, जिला तो कधी दिसणार नव्हता, त्याला 'खराब' या एका शब्दात पुसून टाकलं होतं, जसं ते स्टिकर त्यानं पुसलं होतं. ही लाज त्याला झेपेना. झेपेना ते मोडायचं, एवढंच त्याला येत होतं. त्यानं शर्टातून कागद काढला, टेबलावर मांडला, आणि घडी उलगडून राहावी म्हणून उजवा पंजा त्यावर ठेवला. पहिल्यांदाच तो तिला एकेरीवर आला.

"कर सही. हितं."

शिवकांता उठली. पेन दाराजवळच्या पेल्यात होतं, ती तिकडं गेली, असं त्याला वाटलं. तो तिच्या हातांकडं बघत होता, जन्मभराच्या सवयीनं. खांद्यापासून उचलेल की कोपरापासून, हे कळलं की वाचता येतं. पण तिनं हात उचललाच नाही. तिची उजवी बोटं मिटत नव्हती, म्हणून तिनं दाराआडची पहार डाव्या हातात आणि उजव्या मनगटाच्या बेचक्यात उभी धरली, पाळण्यातल्या लेकराला उचलतात तशी छातीशी उचलली, आणि टेबलाजवळ येऊन सोडून दिली. पहार स्वतःच्या वजनानं खाली आली.

टेबलाची फळी फुटली. कागद बोटांसकट फळीत गेला. गुंडाप्पाच्या तोंडून आवाज निघाला नाही. मार बसताना तो कधीच निघत नसे. त्यानं फक्त बघितलं. इबूत ओढायची ती तीन बोटं मधूनच दुसऱ्या दिशेला वळली होती, आणि कागदावरच्या वकिलाच्या टायपावर लाल पसरत होतं. महांतप्पा खुर्चीसकट मागं सरकला होता आणि त्यानं, का कोण जाणे, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

शिवकांता धापा टाकत होती. पहार तिनं परत दाराआड नेऊन उभी केली. मग कागद फळीतून ओढून काढला, चुरगाळला आणि त्याच्या जखमेवर दाबायला त्याच्याच डाव्या हातात दिला.

"दवाखान्यात शटर पडलं म्हणा, भावजी," ती म्हणाली. "त्यांना म्हायती हाय."

महांतप्पानं त्याला मोटरसायकलवर मागं बसवून नेलं. वाटेत खड्डा आला की तो हळू घ्यायचा. गुंडाप्पा मागं बसून हात डोक्याच्या वर धरून होता आणि रक्त बगलेत उतरत होतं. पोलीस ठाण्यावरून गाडी गेली. ठाण्याच्या दारात एक शिपाई दाढी करत होता. इथं उतरायचं म्हटलं असतं तर उतरता आलं असतं. काय सांगायचं? बाईनं हात मोडला? आणि तिनं का मोडला? साइटवरचे सगळे ड्रायव्हर, मुकादम, ज्यांच्या भिंती पाडल्या ती सगळी माणसं नाकातून हसताना त्याला ऐकू आली. आणि त्या हसण्याच्या मागं, पुष्कळ मागं, त्याला एक हात आठवला. हळदीचा. आपण त्याच्या बायकोवर पहार उचलली. ज्यानं आपल्याला कपाळ दाखवलं होतं त्याच्या डब्यावर उचलली. ट्रॉलीखाली अण्णा जिवंत होता की नव्हता ते कळायचा मार्ग नव्हता. त्यानंतर जे झालं ते मात्र सगळं कळण्यासारखं होतं. त्यानं गाडी थांबव म्हटलं नाही.

डॉक्टर तरुण होता. त्यानं बोटं सरळ करून बघितली, गुंडाप्पानं दात आवळले. तीनही मोडलीत, तारा घालाव्या लागतील, आणि घातल्या तरी पूर्वीसारखी मिटणार नाहीत असं तो म्हणाला. लिवर ओढायचं काम असेल तर दुसरं काही बघा. मग त्यानं लिहायला पेन उघडलं आणि कशानं झालं म्हणून विचारलं.

महांतप्पा खिडकीतून बाहेर बघायला लागला.

"शटर पडलं," गुंडाप्पा म्हणाला.

डॉक्टरनं मान वर केली. त्याच्याकडं बघितलं, मग महांतप्पाकडं, मग पुन्हा त्याच्याकडं.

"तहसीलच्या रस्त्याचं? गेल्या महिन्यात एक बाई आल्या होत्या, तेच?"

"व्हय," गुंडाप्पा म्हणाला. "तेच."